आठवा

सहमच्या पंपहाऊसमध्ये रात्रीचे पावणेदोन.
बाहेर पाण्याचे टँकर ओळीने, इंजिनं बंद,
ड्रायव्हर चपला उशाला घेऊन वाळूवर.
आत कपाटात सत्तावीस वर्षांचा कंट्रोलर,
तब्येत ठणठणीत. फक्त लॅपटॉपशी बोलत नाही.

सालिम अल-मकबाली दारातूनच विचारतो, खलास?
मी म्हणतो, शुवय्या.
माझं अरबी इथे संपतं.

टेकवडे सर म्हणायचे, आधी वायर बघ, मग देव बघ.
म्हणून कॉन्व्हर्टरच्या दोन आणि तीन नंबरच्या पिना
स्टेपलरच्या पिनेने जोडल्या
आणि टाइप केलं, जेवलास का.
स्क्रीनवर लगेच उलटून आलं, जेवलास का.
म्हणजे कॉन्व्हर्टर चांगला आहे.
स्वतःशी बोलता येतंय.
एवढ्या भांडवलावर लोक इथे पंधरा पंधरा वर्षं काढतात.

मग केबल. मीटर लावून टोक न् टोक पाहिलं. सरळ निघाली.
दोनला दोन, तीनला तीन.
म्हणजे संध्याकाळपासून आम्ही तोंडाला तोंड लावून बोलत होतो
आणि दोघांचे कान एकमेकांना चिकटलेले, रिकामे.
डाग काढला. दोनची तार तीनला, तीनची दोनला.
राळेचा वास तोच, मिरजेच्या आयटीआयमधला.

आता उत्तर येतं. पण कसलं?
टाकीची पातळी मागितली तर आकड्यांत मधेच भलती चिन्हं,
भाकरीत खडे लागावेत तशी.
वेग बदलून पाहिला, तर सगळंच पीठ.
म्हणजे वेग बरोबर होता.

कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने
मल्याळममध्ये दोन ओळी, खाली ठळक रेघ.
माझ्याआधीच्या कुणीतरी सेटिंग लिहून ठेवलं असणार.
वाचता येत नव्हतं, म्हणून त्यावर फारच विश्वास बसला.
कुंजुमोन सहाच्या गाडीने येईल.
तोवर मी आणि आकडे.

वहीत उतरवत गेलो :
शून्य नीट येतो. तीन, पाच, सहा, नऊ नीट येतात.
एक, दोन, चार, सात, आठ वेष पालटून येतात.
पुन्हा मागितलं. पुन्हा तेच पाच.
हा बिघाड नव्हे. बिघाड इतका शिस्तीचा नसतो.

आणि मग
आठवा.
सात बिट पुढे, मागे आठवा, मुकादमासारखा,
नुसता मोजणीला.
एक किती आले? सम असतील तर गप्प.
विषम असतील तर स्वतः एक होऊन रांगेत उभा,
जोडी पुरी करायला.
मी त्याला अक्षराचाच भाग धरून वाचत बसलो होतो.
त्याला सांगायचं काहीच नव्हतं,
एवढंच, की बाकीचे धड पोचले का बघा.

(शुक्रवारी शर्वरीचा फोन असतो.
हप्ता, शाळा, गॅस, पाण्याची मोटर,
आणि ठेवताना एक हं.)

सात बिट, सम, एक स्टॉप. एंटर.
पातळी चार मीटर बारा.
चार, एक, दोन, तिघेही आपापल्या चेहऱ्याने.
खाली पंप घरघरला.
सालिम काही न बोलता बाहेर गेला,
पहिल्या टँकरच्या पत्र्यावर त्याने थाप मारल्याचा आवाज आला.

कुंजुमोन सहाला आला, करक चहाचा थर्मास घेऊन.
दारावरच्या ओळी वाचल्या आणि हसायलाच लागला.
सेटिंग नही चेट्टा, म्हणाला, पल्ली.
कोण पल्ली?
त्याने दोन बोटं भिंतीवरून वर नेली, तुरुतुरु.
पाल!
पल्ली, तो म्हणाला.
पाल, मी म्हणालो.
दार लावत जा, पाल आत शिरते.
एवढंच लिहिलं होतं.

त्याखाली मी लिहिलं, सवयीने मराठीत :
९६००, सात, सम, एक. केबल उलटी.
आता पुढच्याला एक मराठी माणूस धरून आणावा लागेल.
दार लावलं.
पाल आत राहिली की बाहेर, बघितलं नाही.